काडीपैलवान

आयुष्यात मी एकच कलासमीक्षा लिहिली. ती 1974 साली आमच्या बँकेच्या गृहपत्रिकेत छापून आली. तिच्याबद्दल मला एकच अभिनंदनाचं पत्र आलं आणि तेही माझ्या मेहुण्यानं लिहिलं होतं. (त्याला त्या वेळी स्कूटरसाठी कर्ज हवं होतं.) त्या दीड पानात मी एका अख्ख्या चित्रपरंपरेचा निकाल लावला होता. आज पन्नास वर्षांनी तो निकाल फिरवायचा आहे. वरचं कोर्ट नसल्यामुळे त्याच न्यायाधीशापुढे अपील चालवावं लागतंय, हे वाचकांनी समजून घ्यावं.

झालं होतं असं. माझी पहिली नेमणूक डहाणूच्या शाखेत. चिकू, समुद्र आणि हिशेब न जुळणारी लेजरं, एवढंच डहाणू मला माहीत. फावल्या वेळात मी जलरंगात चित्रं काढायचो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षा मी पास झालेला असल्यामुळे चित्रकलेत यापुढे शिकण्यासारखं काही उरलेलं नाही, असा माझा प्रामाणिक समज होता. शाखेतला शिपाई वारली समाजाचा. अतिशय अबोल माणूस. त्याच्या बहिणीचं लग्न निघालं आणि त्यानं मला बोलावलं. मी गेलो.

कारवीच्या कुडाचं घर. आत इतका अंधार की चपला कुठे काढल्या तेच कळेना. डोळे सरावल्यावर समोरची भिंत दिसली. शेणानं सारवलेली, वर गेरूचा हात आणि त्यावर तांदळाच्या पिठानं काढलेला एक भला मोठा चौक. चौकात पालघट देवी. बाहेर झाडं, घोडा, नाचणारी माणसं. कुणीतरी सांगितलं, सवासिनींनी काढलंय, हा देवचौक नसेल तर लग्न लागत नाही. मी ‘छान, छान’ म्हणालो, जेवलो आणि परत येऊन समीक्षा लिहिली. त्यातलं एक वाक्य मला अजून तोंडपाठ आहे, कारण तेव्हा मला ते फार आवडलं होतं : ‘ज्यांना माणसाचं शरीर काढता येत नाही, ते दोन त्रिकोण काढून मोकळे होतात, ही माणसं नव्हेत, हे काडीपैलवान आहेत.’

आता गंमत बघा. मी हे वाक्य लिहून स्वतःवर खूश होत होतो, त्याच सुमारास त्याच तालुक्यात एक दुसरा शहरी माणूस पाड्यापाड्यांतून त्याच भिंती बघत फिरत होता. त्याचं नाव भास्कर कुलकर्णी. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला चित्रकार. म्हणजे शरीरशास्त्र, छायाप्रकाश वगैरे त्याला माझ्यापेक्षा थोडं बरं येत असणार. 1966-67 च्या बिहारच्या दुष्काळात, पुपुल जयकर यांच्या पुढाकारानं, तो मिथिलेत गेला होता. तिथे बायका घराच्या भिंतींवर चित्रं काढत. त्यानं त्यांच्या हाती कागद दिले. शेती बुडालेली असताना कागदावरच्या चित्रांनी चार पैसे येतील, असा साधा हिशेब. पुढे तो डहाणूकडे वळला, आणि गंजाड गावात त्याला जिव्या सोमा म्हसे भेटले.

म्हसे यांचा जन्म 1934 चा. लहानपणी आई गेली आणि या मुलानं कित्येक वर्षं बोलणंच सोडलं. जे सांगायचं ते मातीत चित्र काढून. अशा माणसाच्या हाती एक दिवस कागद येतो. मी पूर्वी हा प्रसंग ऐकला असता तर म्हणालो असतो, ‘कागदच तो, त्यात काय एवढं?’ आमच्या बँकेत कागदाचे ढीगच्या ढीग असत आणि त्यावर कुणाला काही स्फुरल्याचं ऐकिवात नाही.

कागदात काय एवढं, हे कळायला मला पंचाहत्तरी उलटावी लागली. तेसुद्धा आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये.

सोसायटीनं दोन रविवारचा ‘वारली चित्रकला वर्ग’ ठेवला. हिनं दोघांचीही नावं देऊन टाकली. मी म्हटलं, ‘‘अगं, मला विचारायचंस तरी.’’ ही म्हणाली, ‘‘जोडीला सवलत होती. आणि अहो, नाहीतरी तुमची ती होडी किती वर्षं त्याच खाडीत अडकलीय.’’

हे वर्मी लागलं. निवृत्तीनंतर मी रंगपेटी पुन्हा काढली होती खरी. पण ब्रश उचलला की हात आपोआप एक माड, एक झोपडी आणि एक होडी काढून मोकळा व्हायचा. भाच्याच्या लग्नात होडी दिली, डॉक्टरांना होडी दिली, शेजाऱ्यांना दोन दिल्या. पुढे पुढे लोक मला बघितलं की ‘भिंतीवर जागा नाही हो’ असं आधीच सांगायला लागले.

शिकवायला आला डहाणूकडचा एक वारली तरुण. वय माझ्या नातवाच्या आसपास. त्यानं गेरूनं रंगवलेले कागद वाटले, वाटीत तांदळाचं पीठ आणि डिंकाचं पाणी दिलं, आणि ब्रश म्हणून बांबूची एक काडी. तिचं टोक चावून मऊ करायचं. आमच्या वयाच्या विद्यार्थ्यांना हा पहिलाच धडा अवघड गेला; दोघांनी कवळी सांभाळत नातवंडांकडून काड्या चावून घेतल्या.

‘‘सोपं आहे,’’ तो म्हणाला, ‘‘गोल, त्रिकोण, चौकोन. काढा माणूस.’’

मी मनात म्हटलं, पन्नास वर्षांपूर्वी मी हेच तर लिहिलं होतं! आणि दोन त्रिकोण काढले. त्यांचं डमरू झालं. हातपाय लावल्यावर हातपाय फुटलेलं डमरू झालं. दुसरा माणूस काढला, तो उभा होता की टांगलेला होता हे ठरवता येईना. गुरुजी मागे येऊन उभे राहिले आणि फार मायेनं म्हणाले, ‘‘काका, हा काय करतोय?’’

‘‘काय करतोय म्हणजे? माणूस आहे.’’

‘‘हो, पण करतोय काय? आधी ते ठरवा. मग त्रिकोण आपोआप वळतो.’’

वाचकहो, माझ्या इंटरमिजिएटच्या सर्टिफिकेटला तिथल्या तिथे वाळवी लागली. त्या दोन त्रिकोणांची टोकं जिथे टेकतात तो एक बिंदू म्हणजे कंबर. वरचा त्रिकोण जरा पुढे कलला की माणूस भात लावायला वाकतो. मागे रेलला की ओझं ओढतो. तिरका झाला की धावतो. नाक नाही, डोळे नाहीत, कपड्याच्या चुण्या नाहीत. हे सगळं येत नाही म्हणून गाळलेलं नाही, तर हालचालीच्या आड येतं म्हणून गाळलंय. मी जन्मभर माणसांची शरीरं काढली, पण त्यातला एकही कधी जागचा हलला नाही. ‘काडीपैलवान’ म्हणून ज्यांना हसलो, ते मात्र सगळे कामाला लागलेले होते.

दुसरा धडा रंगाचा. जलरंगात पांढरं म्हणजे कोरा सोडलेला कागद. फिक्यातून गडदाकडे जायचं, उजेड शिल्लक ठेवायचा. इथे बरोबर उलटं. अंधार आधीच पसरलेला, त्यात एकेक रेघ उजेड ठेवत जायचं. आणि ठेवलेली रेघ पुसता येत नाही. माझा हात गडबडून गेला. त्याला उत्तरं पाठ होती, पण प्रश्नच बदलला होता. तीन तासांत मी एकच काम धड केलं : एक झाड. त्यात माड नव्हता, आणि त्याखाली होडी नव्हती. मला कितीतरी वर्षांनी काहीतरी सुचलं होतं. नवं साधन हातात घेतल्यावर सुचतं असं लोक म्हणतात, ते आता मलाही पटतं. फक्त ते साधन नवं कलाकौशल्य देत नाही, जुनं विसरायला लावतं. निम्मं काम तिथेच होतं. उरलेलं निम्मं, मागे उभं राहून ‘काका, हा काय करतोय?’ असं विचारणारं कुणीतरी लागतं.

शेजारी ही निमूटपणे काढत होती. गुरुजी तिच्यापाशी थांबले. ‘‘काकू, तुम्ही आधी शिकलाय?’’

‘‘छे, रोज दारात रांगोळी काढते तेवढीच.’’

‘‘मग शिकलायच की.’’

कित्येक वर्षं मी ती रांगोळी ओलांडून बँकेत गेलो. घरात चित्रकार कोण, हा प्रश्न आमच्याकडे कधी निघालाच नव्हता. तो मीच होतो.

त्यानंतर मी मुंबईच्या एका प्रदर्शनात जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं मुद्दाम जाऊन बघितली. एक होतं मासे पकडायच्या जाळ्याचं. जवळजवळ सगळं चित्र जाळ्यानंच व्यापलेलं. बारीक बारीक रेघा, इतक्या की मोजायला घेतल्या तर पेन्शन संपेल. मासे आत, आणि माणसं कडेला, इवलीशी. आपल्याकडचा कुणी असता तर त्यानं मधोमध एक रुबाबदार कोळी उभा केला असता आणि मागे सूर्यास्त. (मी तर नक्कीच.) इथे नायक कुणी असेल तर ते जाळं. ते पाण्यासारखं हलतं, फुगतं, श्वास घेतं. आणि तेव्हा लक्षात आलं, हे चित्र भिंतीवर होणं अवघड होतं. भिंत लग्नाची. तिच्यावर काय काढायचं ते ठरलेलं : चौक, देवी, विधी. आणि पुढच्या सारवणाखाली ते जायचंही ठरलेलं. कागदानं त्यांना काय दिलं? तर लग्न नसतानाही चित्र काढायची मुभा. मग जाळी आली, मुंग्या आल्या, गोष्टी आल्या, आणि पुढच्या पिढीच्या चित्रांत तर आगगाड्याही आल्या.

1975 साली मुंबईत केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं, आणि 2011 साली पद्मश्री मिळाली. मला सर्वांत आवडलेली हकीकत मात्र 2003 ची आहे. त्या वर्षी जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या एका संग्रहालयात म्हसे आणि रिचर्ड लाँग हा इंग्रज कलावंत यांचं काम शेजारी शेजारी मांडलं गेलं. हा लाँग काय करतो? मैलोन्‌मैल चालतो, आणि दगडामातीची वर्तुळं आणि रेघा मांडतो. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती. पण माती, वर्तुळ आणि पायी चालणं या तीन शब्दांवर दोघांचं भागत असणार. आमच्या सोसायटीच्या सभेत सगळ्यांना सगळ्या भाषा येतात, आणि गच्चीच्या गळतीवर सहा वर्षं एकमत नाही.

आता समीक्षक म्हटला की थोडं खोडसाळ बोललंच पाहिजे. दोन गोष्टी खटकतात. पहिली : भिंतीवर चौक काढायच्या त्या सवासिनी. कागद आला, पैसे आले, आणि बघता बघता चित्रकार म्हणून नावं आली ती बहुतेक पुरुषांची. मिथिलेत हाच कागद बायकांच्या हाती गेला आणि तिथेच राहिला. जगदंबादेवींना 1975 सालीच पद्मश्री मिळाली. म्हसे मोठेच, पण त्यांच्याआधीच्या ज्या हातांनी तो चौक जिवंत ठेवला, त्यातलं एकही नाव मला सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट आपली. या कलेला 2014 साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, पण आपण तिचं काय केलं? पडदे केले, चहाचे कप केले, उशांचे अभ्रे केले. आमच्याच घरी पायपुसण्यावर तारपा नाच आहे. त्या नाचाचं वळण शंखासारखं आत आत जातं, मध्ये तारपा वाजवणारा, आणि त्याच्यावर मी पावसाळ्यात चिखलाचे पाय पुसतो. एका कलावंतानं दुसऱ्यापासून स्फूर्ती घेणं वेगळं आणि त्याच्या ठशाचा शिक्का मारून माल विकणं वेगळं. ओळखायची खूण सोपी आहे : छापील माणसांना विचारून बघावं, ‘काय करताय?’ ती काहीच करत नसतात. सगळी एकाच साच्यातली, एकाच तिरक्या कोनात, पगारापुरती नाचत असतात.

परवा हिनं कपाटातल्या फायलीतून ते गृहपत्रिकेचं पान काढून माझ्यापुढे ठेवलं. पन्नास वर्षं जपून ठेवलेलं बघून मला भरून आलं. मी म्हटलं, ‘‘माझा लेख म्हणून ठेवलास?’’

‘‘नाही हो. मागच्या बाजूला कैरीच्या लोणच्याची कृती आहे.’’

ते पान बघताना एक जुनी गोष्ट आठवली, आणि ती काही केल्या जात नाही. गृहपत्रिकेचे गठ्ठे आले की टेबलाटेबलावर वाटायचं काम त्या शिपायाचंच. त्यानं माझ्यापुढे अंक ठेवला, माझं पान उघडून दिलं आणि हसून म्हणाला, ‘‘साहेब, तुमचं नाव आलंय.’’ त्याला वाचता येत होतं. त्यानं पुढचं वाचलं का, हे मी विचारलं नाही. त्यानंतरही तो रोज सकाळी माझ्या टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवत राहिला. पुन्हा कधी घरी मात्र बोलावलं नाही.

तो आता कुठे आहे मला माहीत नाही. असेल तर माझ्याच वयाचा असेल. हा लेख त्याच्या वाचनात आला तर त्यानं एवढंच समजावं, की साहेबांना दोन त्रिकोण अजूनही नीट काढता येत नाहीत. शिकतोय.