एका जंतुकुलाचें मराठी नामकरण

पावसाळा सुरू झाला कीं कोंकणपट्टींत आरोग्यविषयक पत्रकांचा आणि वर्तमानपत्री लेखांचाही हंगाम सुरू होतो. हें लिखाण वाङ्मय म्हणून कोणी वाचीत नाहीं. परंतु ज्या गद्यावर माणसाचें जीवित अवलंबून आहे, तें टीकाकाराच्या कक्षेबाहेरचें कसें मानावें?

लेप्टोस्पायरोसिसवरील लिखाणाचा पहिला दोष नांवापासूनच सुरू होतो. तें उच्चारतांना सुशिक्षितांचीही जीभ अडखळते. म्हणून कोणी नुसतें 'लेप्टो' म्हणतो, कोणी 'उंदरांचा ताप'. केरळांत तर 'एलिप्पनी', म्हणजे उंदीरताप, हेंच नांव रूढ आहे. नांव सुटसुटीत खरें, पण अर्धेंच खरें. हे जंतु उंदराप्रमाणेंच गाय, म्हैस, कुत्रा व डुक्कर यांच्याही मूत्रांतून पाण्यांत व चिखलांत उतरतात आणि कातडीवरील जखमेंतून शरीरांत शिरतात.

थळचेंच उदाहरण घ्या. समोर खांदेरी-उंदेरीचे किल्ले, किनाऱ्यावर कोळीवाडा, मागें वाड्या आणि भाताचीं खाचरें. लावणीच्या दिवसांत दिवसभर चिखलांत उभ्या राहणाऱ्या बाईला 'उंदीर' एवढाच शब्द ऐकविला, तर ती घरांत सांपळा लावील. भेगाळलेल्या पायांनीं बैलांमागून खाचरांत उतरण्यांत कांहीं भय आहे, हें तिच्या ध्यानांतही येणार नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्या पुरामागून हा रोग फैलावला. तेव्हांपासून तुंबलेला रस्ता, कचरा आणि उंदीर हें शहरी चित्र आमच्या लेखकांच्या डोळ्यांपुढून हलत नाहीं. गोठा त्यांत कोठेंच नाहीं.

वस्तुतः मराठीस रोगांचें नामकरण नवें नाहीं. पटकी, देवी, हिवताप हे शब्द किती सहज आहेत! मात्र माणूस आणि जनावर यांच्यामध्यें पूल बांधतांना ती गोंधळते. 'घटसर्प' हें नांव मुलांच्या एका रोगास आहे आणि गुरांच्या अगदीं निराळ्या जंतूच्या रोगासही आहे. उलट, एकाच जंतूच्या रोगास माणसांत 'काळपुळी' आणि गुरांत 'फाशी' म्हणतात. शास्त्रज्ञांनीं तरी काय केलें? वाइलनें १८८६ मध्यें कावीळयुक्त तापाचें वर्णन केलें, तो ताप त्याच्याच नांवें ओळखला गेला. १९०७ मध्यें स्टिमसनला एका मृताच्या मूत्रपिंडांत टोंकाशीं वांकलेला जंतु दिसला. प्रश्नचिन्हासारख्या त्या आकृतीवरून त्यानें त्यास 'इंटेरोगन्स' म्हटलें. आम्हांस हें नांव फार आवडतें. निदान तें कोणा एका प्राण्यावर आळ घेत नाहीं.

दुसरा दोष शैलीचा. 'तीव्र ज्वर व स्नायुवेदना' असें छापण्याऐवजीं 'ताप येतो, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. चिखलांत काम केलें असेल तर तें डॉक्टरांस आधीं सांगा' असें कां लिहूं नये? औषध वेळेवर मिळालें तर रोगी बहुधा वांचतो; उशीर झाला तर यकृत आणि मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. हाच जंतु गाईस झाला तर ती गाभडते, दूध आटतें. पण गाभडलेल्या गाईची हकीकत गुरांच्या पत्रकांत आणि धन्याच्या तापाची माणसांच्या पत्रकांत. दोन्ही एका कागदावर छापलेलीं आमच्या तरी पाहण्यांत नाहींत.