फोटोखालची ओळ

महाराष्ट्रात प्रतापगड एकच नाही. साताऱ्याकडचा किल्ला सर्वांना ठाऊक आहे. पण गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातही एक प्रतापगड आहे. तिथल्या डोंगरावर महादेवाचे देवस्थान आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते आणि पुढचे काही दिवस मोबाइलवरून ढिगाने फोटो फिरतात. त्यांच्याखाली बहुधा एकच शब्द असतो: प्रतापगड. या नावाने शोधणाऱ्यापुढे मात्र जावळीच्या खोऱ्यातला, १६५९ च्या अफजलखान प्रकरणाचा गडच उभा राहतो. हा घोटाळा केवळ नामसाधर्म्याचा वाटेल, पण हौशी प्रवासी छायाचित्रणाची आजची अवस्था त्यातून नेमकी कळते. चित्र सुधारले आहे आणि चित्राभोवतीचे बोलणे आटले आहे. माझ्या मते या कलेचा निम्मा प्राण त्या बोलण्यात असतो.

चित्र सुधारले आहे हे आधी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. एका क्लिकमध्ये आजचा फोन अनेक एक्स्पोजर घेऊन ती एकत्र करतो. त्यामुळे मावळतीचे आकाश आणि डोंगराची सावलीतली बाजू दोन्ही एकाच फ्रेममध्ये नीट उतरतात. पूर्वी त्यासाठी ट्रायपॉड, फिल्टर आणि बरीच तालीम लागे. पण हीच सोय सर्वांच्या हाती आल्यावर कोकणातला सूर्यास्त आणि पूर्व विदर्भातला सूर्यास्त एकसारखे दिसू लागले. वेगळेपण आता रंगांत उरलेले नाही. ते माहितीत आणि नजरेत शोधावे लागते. प्रतापगडाच्या चित्रात तळाशी धानाची शेते दिसतात. ती हिरवी आहेत की कापून मोकळी, पळस फुलला आहे की नाही, यावरून जाणकार महिना ओळखतो. जवळच गोठणगावला १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे. २०२५ साली महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला आली आणि तिबेटी नववर्ष लोसार २८ फेब्रुवारीला. महाशिवरात्र अमावास्येच्या तोंडावर येते आणि लोसार अमावास्या सरताच, म्हणून पुष्कळ वर्षी हे दोन्ही सण एकाच आठवड्यात पडतात. यात्रेच्या फोटोखाली नुसती तारीख लिहिली तरी या शेजाराकडे पाहणाऱ्याचे लक्ष जाऊ शकते. तारीख नसेल तर ती गर्दी कुठल्याही गावची, कुठल्याही वर्षीची होते.

हे बोलणे मराठीत कधी नव्हतेच, असे नाही. १९९६ मध्ये सुरू झालेल्या मायबोली या मराठी संकेतस्थळावर प्रकाशचित्रांना 'प्रचि' हे लाडके संक्षिप्त नाव मिळाले. प्रचि १, प्रचि २ असे क्रमांक देण्याच्या रिवाजामुळे वाचकाला नेमक्या चित्रावर बोट ठेवता येई: तिसऱ्यात क्षितिज तिरके झाले आहे, पाचव्यातले झाड कुठले, सातवे थोडे क्रॉप करून पाहा. तिथल्या गणेशोत्सवातला प्रकाशचित्रांचा झब्बू तर मला फार बोलका खेळ वाटतो. एकाने चित्र टाकायचे, दुसऱ्याने त्याच विषयावरच्या चित्राने उत्तर द्यायचे. म्हणजे दाद द्यायची तीसुद्धा चित्रानेच. जगाच्या पातळीवर २००४ साली आलेल्या फ्लिकर या संकेतस्थळाने छिद्रमान, शटरचा वेग, तारीख हा तपशील चित्राशेजारी मांडला आणि त्यावर चर्चा करणारे गट उभे राहिले. पुढे फोटो व्हॉट्सॲपवर गेले. तिथे नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान होतो आणि त्यात दडलेली तारीख व ठिकाणाची नोंद गळून पडते. चार गटांतून फिरल्यावर काढणाऱ्याचे नावही सुटते. उरते ते चित्र, आणि त्याखाली 'अप्रतिम', 'एक नंबर', दोन जोडलेले हात. दाद खरी असते, पण ती कोणत्या गोष्टीला आहे हे काढणाऱ्याला कळत नाही, म्हणून पुढचा फोटो आधीच्यापेक्षा चांगला होण्याचे कारणच उरत नाही.

यावर कुणी म्हणेल की हा छंद आहे, परीक्षा नव्हे. सुट्टीतला आनंद वाटून घेणाऱ्याला तिरक्या क्षितिजाबद्दल कशाला टोकायचे? कौटुंबिक सहलीच्या फोटोंपुरते हे मला पूर्ण मान्य आहे. पण ज्याने पहाटे उठून प्रकाशाची वाट पाहिली आणि वीस चित्रांतून एक निवडले, त्याला एका शब्दात वाटेला लावणे ही आपुलकी नव्हे. त्याच्या मेहनतीकडे नीट पाहणे हाच त्याचा मान आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. महाराष्ट्रात सारस पक्षी आता मुख्यतः गोंदिया-भंडारा भागात उरला आहे, आणि तो धानाच्या बांध्यांत घरटे करतो. घरट्याचा नेमका ठिकाणा फोटोखाली लिहिला, तर कॅमेरे घेऊन लोक तिथे धडकतील; पक्षी बिचकेल, उभे धान तुडवले जाईल. म्हणून 'सगळे लिहा' असे मी म्हणत नाही. तालुका लिहावा, महिना लिहावा, किती अंतरावरून टिपले ते लिहावे; बांधी लिहू नये. यात्रेतल्या चेहऱ्यांनाही हाच विवेक लागू आहे. पण काय सांगायचे आणि काय राखायचे हा संकेत जाणत्या मंडळींनी एकमेकांच्या चित्रांवर बोलल्यानेच ठरतो. मूक अंगठ्यांतून तो कधी ठरणार नाही.

चर्चेचा आणखी एक उपयोग सहसा लक्षात घेतला जात नाही: जे चित्रात नाही तेही ती दाखवते. प्रतापगडच्या यात्रेचा एखादा अल्बम केवळ मंदिराच्या चित्रांनी भरलेला असला तर लांबच्या माणसाला डोंगरावर दुसरे काही आहे असे वाटणारच नाही. दर्ग्याची एक चौकट नसल्याने त्या जागेचे अर्धे रूप झाकले जाते, तेही कुणाचा तसा हेतू नसताना. तंत्रात त्या अल्बमला पैकीच्या पैकी गुण पडतील. ही उणीव फक्त त्या भागातला माणूस ओळखू शकतो, आणि त्याला खाली एवढेच विचारावे लागते: दर्ग्याकडे गेला नव्हतात का? या प्रश्नाने कुणी दुखावत नाही. पुढच्या शिवरात्रीला कॅमेरा घेऊन चढणारा तो प्रश्न सोबत घेऊन जातो.