दुव्याचे शब्द आणि शोधक्रम

दहिसरलगतच्या मंडपेश्वर लेण्यास पोर्तुगीज ‘मोंपेझीर’ म्हणत. स्थळ एकच, पण विचारणाऱ्यास ते इतरांनी दिलेल्या नावानेच सापडावयाचे. शोधयंत्राचा न्यायही असाच आहे. ब्रिन व पेज यांनी १९९८ च्या निबंधात दुव्याचे शब्द तो ज्या पृष्ठाकडे नेतो त्याच्याही पदरी घातले. पृष्ठाच्या आत्मकथनाहून इतरांनी केलेले वर्णन पुष्कळदा अचूक असते, ही त्यामागील भूमिका. ती सर्वस्वी मान्य करता येत नाही. २००३ साली अनेकांनी संगनमताने ‘दारुण अपयश’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे दुवे अध्यक्ष बुश यांच्या चरित्रपृष्ठास जोडले, आणि त्या शब्दांच्या शोधात ते पृष्ठ अग्रस्थानी आले. गूगलला २००७ मध्ये आपली गणनपद्धती सुधारावी लागली. आपल्याकडील दोष नेमका उलट आहे. दुव्यावर ‘येथे पाहा’ एवढेच लिहिले, तर मंडपेश्वराच्या पदरी नावच पडत नाही.