पेटीवरचा मजकूर

साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात १९ जुलै २०२४ पासून वाघनखे पाहायला ठेवली होती. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने ती तीन वर्षांच्या बोलीवर दिली आहेत. साताऱ्यानंतर नागपूर, कोल्हापूर, मुंबई असे मुक्काम ठरले होते. मी गेलो तेव्हा रांगेत माझ्यापुढे एक आजोबा नातवाला कडेवर घेऊन उभे होते. काचेपाशी पोचल्यावर पोरगा म्हणाला, "एवढीशीच?" आजोबांनी काही न बोलता हात जोडले. माझेही हात जुळले. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे लिखाण कोणी कोरड्या मनाचे समजणार नाही.

गेले वर्षभर आपल्याकडे एकाच प्रश्नावर वाद चालू आहे: हीच ती का? लंडनचे संग्रहालय स्वतःच सांगते, की महाराजांनी वापरलेली वाघनखे हीच, याची खातरजमा होऊ शकलेली नाही. एवढ्या आधारावर एका बाजूने 'खोटी' असा निकाल दिला, तर दुसऱ्या बाजूला शंका घेणे हाच अपमान वाटला. मला दोघांचीही घाई खटकते. वाघनखांसाठी मागाहून करवून घेतलेली एक पेटी आहे आणि तिच्यावर इंग्रजी मजकूर आहे. 'हीच ती' या म्हणण्याचा बराचसा भार त्या चार ओळींवर आहे. मग त्या ओळी तरी नीट वाचायला नकोत का?

मजकुराचा आशय असा: शिवाजीने ज्या वाघनखाने मोगल सेनापतीला मारले ते हे, ईडनचे जेम्स ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट असताना पेशव्यांच्या पंतप्रधानाने ते त्यांना दिले.

पहिली ठेच 'मोगल' या शब्दाला लागते. अफजलखान विजापूरचा, आदिलशाहीचा सरदार. शाळकरी मुलालाही हे ठाऊक असते आणि ग्रँट डफला तर ते पक्के ठाऊक होते. १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मराठ्यांच्या इतिहासात खान विजापूरकडूनच येतो आणि महाराजांच्या डाव्या हातात वाघनखही आहे. तेव्हा पेटीवरचा मजकूर इतिहासकार डफने स्वतः नीट पाहून लिहिला असेल, असे मला वाटत नाही. घरात चालत आलेली हकिगत मागाहून कोणीतरी कोरून घेतली असावी. वाघनखे संग्रहालयाला दिली ती डफच्या नातवाने, एड्रियन ग्रँट डफने.

दुसरी अडचण देणाऱ्याची. पेशवा हाच छत्रपतींचा पंतप्रधान. मग 'पेशव्यांचा पंतप्रधान' कोण? लंडनचे संग्रहालय सुचवते, की कदाचित दुसऱ्या बाजीरावांनीच हे शस्त्र डफला दिले असावे. पण बाजीराव ३ जून १८१८ रोजी असीरगडाजवळ शरण गेले ते सर जॉन माल्कमला, आणि तिथून त्यांची रवानगी झाली बिठूरला. डफ तेव्हा साताऱ्यात होता. पेशव्यांचा एखादा कारभारी त्याला भेटला असेलही. पेटीवर नाव नाही. उलट, १८१८ ते १८२२ या काळात डफचा रोजचा संबंध होता तो प्रतापसिंह छत्रपतींशी. महाराजांचे शस्त्र वारशाने जपले गेले असेल, तर ते या घराण्यात असण्याचा संभव अधिक. आणि पेटीवर नेमके छत्रपतींचे नाव नाही! हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण १८३९ साली ज्या राजाला पदच्युत करून काशीला धाडले, तो आपल्याच घरच्या संभाव्य वस्तूच्या हकिगतीतूनही गळाला असेल, हा विचार काचेसमोर उभे असताना मनातून जात नव्हता.

मूळ प्रसंगाच्या साधनांबद्दल थोडेच लिहितो, कारण त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. १० नोव्हेंबर १६५९ च्या भेटीचे वर्णन करताना सभासद वाघनख आणि बिचवा दोन्ही सांगतो. परमानंदाच्या शिवभारतात मात्र शस्त्र आहे कृपाण. म्हणजे वाघनखाची आठवण जुनी आहे, सभासदाच्या बखरीइतकी तरी, पण ती एकमुखी नाही. पोलादाचे वय तपासून काढले, तरी ते कोणाच्या बोटांत होते हे त्यातून कळणार नाही.

माझी मागणी साधी आहे. पुढच्या मुक्कामी शेजारी आणखी एक काच असावी. तीत पेटीवरच्या मजकुराचे मराठी भाषांतर, डफच्या इतिहासाचे ते पान आणि सभासदाचा उतारा मांडावा. लोकांना समजणार नाही, हे कारण कोणी सांगू नये. मी स्वतः दिवसा नोकरी करून संध्याकाळच्या वर्गात मोडी शिकलो. माझ्या बाकावर एक शिंपी आणि एक निवृत्त तलाठी होते.

जाता जाता एक. साताऱ्यातून पूर्वीही इतिहास हललेला आहे. द. ब. पारसनीसांनी जमवलेला कागदपत्रांचा मोठा संग्रह १९३९ साली इथून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. तो परत आणा म्हणून कधी मिरवणूक निघाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. डफला कोणी काय नजर केले याची एखादी नोंद सापडायची असेल, तर ती अशाच कुठल्यातरी रुमालात सापडेल. दिवाळी झाली की मी पुण्याला जाणार आहे.