कनू गांधींच्या बारा फ्रेम

जुना डीएसएलआर घ्यायचा म्हटलं की आमच्या वर्ध्यात वाद दोनच गोष्टींवरून पेटतो: फोकस पॉइंट किती, आणि वायफाय आहे का? निकॉन डी500 मध्ये 153 पॉइंट, कॅनन 70डीमध्ये 19. पण 70डीत वायफाय आहे आणि मागच्या पडद्यावर बघून व्हिडिओ काढताना त्याचा ऑटोफोकस भारी. बोरच्या जंगलात वाघ टिपणाऱ्यांनी खुशाल 153 घ्यावेत. माझा प्रश्न माणसांच्या फोटोंचा आहे, आणि त्यासाठी इथून जवळच्या सेवाग्रामला जायला हवं.

कनू गांधी हे गांधीजींच्या पुतण्याचे चिरंजीव. फोटो काढायला परवानगी मिळाली ती तीन अटींवर: फ्लॅश नाही, पोझ द्यायला सांगायचं नाही, आश्रम पैसे देणार नाही. घनश्यामदास बिर्लांनी 100 रुपये दिले, त्यातून रोलायफ्लेक्स आला. हा कॅमेरा पोटाशी धरून वरून काचेत बघायचं. काचेत डावं-उजवं उलटं दिसतं, फोकस हाताने फिरवायचा, रोलमध्ये फ्रेम 12. वर मातीच्या कुटीतला उजेड!

साधन साधं म्हणून फोटो थोर, असं म्हणायची आपल्याकडे सवय आहे. मला ते पटत नाही. रोलायफ्लेक्स हा त्या काळचा उत्तम जर्मन कॅमेरा होता. फोटोंची ताकद आहे ती कनूंनी काय महत्त्वाचं मानलं त्यात. सेवाग्रामच्या उन्हापासून बचाव म्हणून डोक्यावर उशी घेतलेले गांधीजी बघा. आजचा कॅमेरा चेहरा दिसला की आधी डोळा पकडतो. या फोटोत मात्र सगळी गंमत उशीची आहे. डोळा पकडणं मेनूत जाऊन बंद करता येतं, मान्य. पण करतं कोण? (खटकतं ते एवढंच, की घरचा माणूस असल्यामुळे कनूंची नजर गांधीजींना कधी टोकत नाही.)

आता कनेक्टिव्हिटी. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी गांधीजींशी बोलता यावं म्हणून आश्रमात टेलिफोन बसवून दिला होता. रिसीव्हर कानाला लावलेल्या गांधीजींचा फोटोही कनूंनीच काढलाय. म्हणजे जोडलं जाण्याला तिथेही कोणाची ना नव्हती. फोटो मात्र रोल संपून धुतला जाईपर्यंत थांबायचा. निकॉनच्या स्नॅपब्रिजमध्ये तो काढता काढताच 2 मेगापिक्सेलचा होऊन फोनवर उतरतो. लग्नात, बातमीत ही सोय मोठीच, मी नाकारत नाही. पण काढणं आणि दाखवणं यांच्या मधे जो वेळ असायचा, त्यात हा फोटो दाखवावा का, असं स्वतःला विचारता यायचं. फोकस पॉइंटपेक्षा मला हा मुद्दा मोठा वाटतो.

22 फेब्रुवारी 1944 ला पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गेल्या. कनू जवळ होते. गांधीजींच्या मांडीवरच्या त्या शेवटच्या क्षणांचे फोटो काढायला त्यांना मनाई झाली आणि त्यांनी ती पाळली. आपल्या वादात ‘कॅमेरा किती पटकन पकडतो’ यावर तासन्‌तास जातात. न काढलेल्या फोटोचा विषय एकदाही निघत नाही.