‘जिणं आमुचं’ : घरातल्या गुलामीची साक्ष

बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाले आणि १९८६ साली ग्रंथरूपाने आले. तेव्हापासून त्याच्यावर आपल्याकडे विपुल बोलले गेले आहे. दारिद्र्य, पोतराज, अंगात येणारे देव आणि बाबासाहेबांच्या शब्दांनी जागी झालेली वस्ती, हे सारे आपण अभिमानाने उद्धृत करतो. मात्र सुनांच्या छळाची पृष्ठे आली की आपली समीक्षा घाईने पान उलटते. प्रस्तुत लेखात त्याच पृष्ठांपाशी थांबायचे आहे.

बेबीताईंचा जन्म १९२९ साली त्यांच्या आजोळी, वीरगाव येथे झाला. पुढचे आयुष्य फलटणला गेले. त्यांनी रेखाटलेला महारवाडा या नीराकाठच्या मुलखाचा आहे. नदीच्या उत्तरेस लासुर्णे, दक्षिणेस फलटण. अशा कोणत्याही गावातील वयोवृद्ध स्त्रीला ही पृष्ठे वाचून दाखवावीत, तिला ती परकी वाटणार नाहीत असे मला वाटते.

आठ-नऊ वर्षांची पोर सून म्हणून येते. भल्या पहाटे तिला जात्यावर बसवले जाते. मग भाकरी. भाकरी बिघडली की सासू ती शेजारणींना दाखवीत फिरते. मुलाचे कान भरले जातात आणि तो हात उगारतो. छळ असह्य होऊन पोर माहेरी पळते, तर तिथे बाप आणि भाऊच तिला मारून परत आणून घालतात. मग तिच्या पायात लाकडी खोडा पडतो. कित्येकींचे नाकही कापले जाते.

या साऱ्यात सर्वांत भयंकर काय? माझ्या मते खोडा नव्हे, माहेरचे बंद झालेले दार. परक्याने केलेल्या छळाला माणूस तोंड देऊ शकतो, कारण कुठेतरी आपले कोणी आहे हा आधार शिल्लक असतो. ज्याने जन्म दिला त्यानेच धरून परत नेले, की तो आधार मुळासकट उपटला जातो. बेबीताईंनी येथे एकही भावविवश वाक्य लिहिलेले नाही. पळणे, पकडणे, खोडा, एवढाच क्रम त्या सांगतात आणि माणूस कसा मोडतो ते वाचकाला उमगते.

सासू अशी का वागते, याचे बेबीताईंनी दिलेले उत्तर या ग्रंथाचे खरे वैचारिक सामर्थ्य आहे. साऱ्या गावाने ज्यांना गुलाम केले, त्यांनाही सत्ता गाजवण्याची भूक होती. गावात ती भागणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी घरात स्वतःचे गुलाम निर्माण केले. आणि कालची सून उद्याची सासू झाली. थेरीगाथेतील इसिदासीची कथा येथे आठवते. उज्जेनीची ही श्रेष्ठीकन्या पतीची मनोभावे सेवा करूनही टाकली गेली; पुढे आणखी दोघांनी तिला नाकारले. आपल्या दुःखाचे कारण ती पूर्वजन्मीच्या कर्मांत शोधते. पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मान्य केलेला नाही. बेबीताई कारण शोधतात ते समाजरचनेत, याच जन्मात. म्हणून थेरीच्या गाथेपेक्षा फलटणच्या या किराणा दुकानदार बाईचे विवेचन मला बाबासाहेबांच्या अधिक जवळचे वाटते.

सिगालोवाद सुत्तात पतीची कर्तव्ये सांगितली आहेत : पत्नीचा मान राखावा, अवमान करू नये, तिच्याशी प्रतारणा करू नये, घराचा अधिकार तिच्या हाती द्यावा, तिला अलंकार द्यावेत. सासू-सुनेच्या नात्याला मात्र त्या सहा दिशांत कोठेही स्थान नाही. ही उणीव आपल्या धम्मप्रवचनकारांनी लक्षात घ्यावयास हवी. नागपूरच्या २० जुलै १९४२ च्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी, पत्नीने पतीची मैत्रीण व बरोबरीची म्हणून उभे राहावे, दासी होण्यास नकार द्यावा, असे बजावले होते. ते भाषण आपण जयंतीला वाचतो. घरी किती वाचले जाते, हा प्रश्न वेगळा.

ग्रंथाची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. खोड्यात अडकलेली ती पोर चळवळीच्या प्रकरणांत पुन्हा दिसत नाही. वस्ती जागी होते, मुले शाळेत जातात. पण सासूचा हात थांबला का, हे कळत नाही. समाजाच्या मुक्तीची कथा पूर्ण होते, सुनेची अर्ध्यावर राहते.

या मौनाचा उलगडा पुढे झाला. २००८ साली माया पंडित यांच्या इंग्रजी अनुवादासोबत बेबीताईंची मुलाखत प्रसिद्ध झाली. तीत त्यांनी स्वतःच्या संसारातील मारहाण आणि पतीचा संशय यांविषयी सांगितले. मुंबईच्या एका प्रवासात गर्दीच्या डब्यातील काही तरुणांनी पाहिले एवढ्यावरून पतीने त्यांना नाकातून रक्त येईपर्यंत मारले होते, आणि ते दोघे निघाले होते सभेला. हा प्रसंग आत्मकथनात नाही. सर्वच बायका सोसत असताना आपलेच काय सांगायचे, असा त्यांचा भाव होता. काहीजण याला त्यांचा संकोच म्हणतील. मला त्यात सुनेचीच सवय दिसते, जिने वस्तीभरच्या बायकांसाठी वाचा मिळवली, पण स्वतःपुरती ती वापरली नाही.

आपल्या उणिवा चव्हाट्यावर मांडल्याने विरोधकांच्या हाती कोलीत मिळते, असा आक्षेप अशा लेखनावर घेतला जातो. २०१२ साली बेबीताई निवर्तल्या, तरी तो आक्षेप ऐकू येतोच. तो घेणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की फलटणच्या दुकानात बसून लिहिलेले हे कागद त्यांनी सुमारे वीस वर्षे विरोधकांपासून नव्हे, घरच्यांपासून लपवून ठेवले होते.