माहीत असूनही फवारणी : 'लॉन पीपल' वाचताना

"या विषयाबाबत जनजागृती होणे गरजेचे आहे." हे वाक्य तुम्ही किती आराखड्यांच्या शेवटच्या पानावर वाचलंय? त्यामागे एक गृहीतक आहे: लोकांना माहीत नाही, म्हणून ते चुकीचं वागतात. हे गृहीतक तपासून बघायचं कसं, ते शिकायचं असेल तर पॉल रॉबिन्स यांचं 'लॉन पीपल' (२००७) वाचा.

विषय वरवर किरकोळ वाटेल: अमेरिकेतली घरापुढची हिरवळ. रॉबिन्स भूगोलाचे अभ्यासक. आधी त्यांनी राजस्थानातल्या कुरणांवर आणि जंगलांवर काम केलं, मग ओहायोतल्या कोलंबसच्या उपनगरांकडे वळले. तीच नजर, फक्त गवत वेगळं.

पुस्तक समजायला तिथला वसंत समजून घ्या. बर्फ गेला की घरमालक दाताळं घेऊन वाळकं गवत ओढून काढतो, दबलेल्या मातीला भोकं पाडतो, उघड्या पडलेल्या जागी बी टाकतो, खत देतो. मातीचं तापमान साधारण १३ अंश सेल्सिअसवर गेलं की क्रॅबग्रास नावाचं तण उगवायला लागतं. त्याआधीच तणनाशक टाकायचं असतं. आता गोची बघा. उगवण रोखणारी बहुतेक तणनाशकं नव्याने पेरलेल्या हिरवळीचं बीही उगवू देत नाहीत. शिवाय केंटकी ब्लूग्राससारखी थंड हवेतली गवतं पेरायला खरा चांगला काळ म्हणजे उन्हाळा सरतानाचा. वसंतात जास्त खत घातलं की पानं भराभर वाढतात, म्हणजे कापणी वाढते. तरी दुकानांत खताच्या पिशव्यांचे ढीग लागतात ते वसंतातच.

रॉबिन्स विचारतात: हे सगळं लोक अज्ञानातून करतात का? राष्ट्रीय दूरध्वनी-सर्वेक्षणातून त्यांना उलटंच चित्र मिळालं. रसायनांमुळे पाण्यावर वाईट परिणाम होतो असं मानणाऱ्यांचं प्रमाण रसायनं वापरणाऱ्यांमध्ये जास्त होतं. हे लोक जास्त शिकलेले, जास्त कमावणारे आणि शेजाऱ्यांना नावाने ओळखणारे. म्हणजे माहिती आहे, काळजीही आहे, आणि फवारणी चालूच आहे. 'जनजागृती'चं वाक्य इथे कोसळतं.

मग कारण काय? रॉबिन्स लुई अल्थुसेर यांची कल्पना वापरतात: व्यवस्था आपल्याला हाक मारते, आपण 'ओ' देतो आणि त्या ओ देण्यातूनच आपण 'कोणीतरी' होतो. इथे हाक मारतं गवत. चांगला शेजारी, जबाबदार घरमालक ही ओळख त्या हिरवळीतून घडते.

माझा आक्षेप इथून सुरू होतो, आणि तुम्हीही इथेच थांबून वाचा.

पहिला मुद्दा पुराव्याचा. एकदाच घेतलेलं सर्वेक्षण काय सोबत आढळतं ते सांगतं. आधी काय आणि नंतर काय, ते सांगत नाही. शिक्षण, उत्पन्न आणि पाण्याची चिंता एकाच घरात एकत्र नांदू शकतात. फवारणी करणाऱ्याला चिंता वाटते, की चिंता वाटणाऱ्याकडेच फवारणीचे पैसे असतात? 'अज्ञान हे कारण नाही' इथपर्यंत आकडे नेतात. 'हिरवळ माणूस घडवते' इथपर्यंत जायला मुलाखतींचा आणि सिद्धांताचा पूल लागतो. तो पूल आकड्यांइतका भक्कम नाही.

दुसरा मुद्दा 'हाक' कोणाची, हा. ब्लूग्रास कडक उन्हाळ्यात तपकिरी होऊन सुप्तावस्थेत जातं आणि पाऊस झाला की पुन्हा हिरवं होतं. त्याला बारमाही हिरवं राहायचंच नसतं! पांढरा क्लोव्हर पूर्वी हिरवळीच्या बियाण्यातच मिसळून विकला जायचा. १९४० च्या दशकात २,४-डी हे तणनाशक आलं, त्यात रुंद पानांचा क्लोव्हरही मरायचा, आणि पुढे तोच 'तण' ठरला. म्हणजे मागणी गवताची कमी, गवत कसं दिसावं या ठरवून दिलेल्या अपेक्षेची जास्त. रॉबिन्स उद्योगाचा हिशेब मांडतात. पण गवतालाच बोलकं केलं की अपेक्षा घडवणाऱ्याची जबाबदारी थोडी सैल होते.

तरीही हे पुस्तक वाचाच. त्याचं उत्तर निम्मंच पटलं तरी त्याचा प्रश्न उचलण्यासारखा आहे. पुलावरून नदीत निर्माल्याची पिशवी टाकणाऱ्याला पाणी घाण होतं हे खरंच माहीत नसतं का? तुमच्या आराखड्यात 'लोकांना माहिती आहे का?' या प्रश्नाखाली आणखी एक ओळ लिहा: 'माहीत असूनही ते असं का करतात, आणि तसं न केल्यास त्यांना काय गमवावं लागतं?' प्रश्नावलीत या ओळीला जागा मिळाली, तर शेवटच्या पानावरचं ते वाक्य बहुधा तुम्हालाच खोडावंसं वाटेल.